बेन झोब्रिस्ट : सात जागांवर खेळलेल्या खेळाडूचे मोल नीट झाले का?

माणिकमोती

अमेरिकन बेसबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे बेब रूथ आणि अलीकडे शोहेई ओहतानी ही दोन नावे हमखास येतात. मला आज बेन झोब्रिस्ट या खेळाडूबद्दल लिहायचे आहे. त्याच्या कारकिर्दीचा मी बऱ्याच वर्षांपासून जमेल तसा अभ्यास करतो आहे आणि या खेळाडूला त्याच्या योग्यतेइतका मान मिळाला नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

झोब्रिस्टचा जन्म २६ मे १९८१ रोजी इलिनॉय राज्यातल्या युरेका या छोट्या गावचा. वडील पाद्री. शाळा संपली तेव्हा एकाही महाविद्यालयाने त्याला खेळण्यासाठी बोलावले नव्हते. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून ५० डॉलर भरून तो पिओरिया इथल्या एका निवड चाचणीला गेला आणि तिथूनच त्याला महाविद्यालयीन बेसबॉलची वाट सापडली. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला सहाव्या फेरीत घेतले, २००६ च्या जुलैमध्ये ऑब्री हफच्या बदल्यात त्याला टँपा बे संघाकडे दिले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पहिला सामना खेळला. पुढे २०१५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स आणि २०१६ मध्ये शिकागो कब्ज अशा लागोपाठच्या दोन वर्षांत, दोन वेगवेगळ्या संघांकडून त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाची मालिका, जिंकली, आणि दुसऱ्या वेळी तर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

यातली खरी गोष्ट अशी की या संपूर्ण प्रवासात त्याला स्वतःची म्हणावी अशी कायमची जागा फारशी कधी मिळाली नाही. २००९ च्या एकाच मोसमात पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे उभा राहून तो झेलणारा) या दोन जागा सोडून मैदानावरच्या उरलेल्या सातही जागांवर तो उभा राहिला. सदस्यांना माझा प्रश्न असा आहे की अशा अष्टपैलूपणाचा फायदा संघाला होतो हे मान्य केले, तरी त्याची किंमत खेळाडूला मोजावी लागते का?

रानजाई

धागा आवडला. मी बेसबॉल अगदीच जुजबी पाहिला आहे, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारते. क्रिकेटमध्ये आज स्लिपला उभा असलेला खेळाडू उद्या मिडऑनला उभा राहतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. मग बेसबॉलमध्ये जागा बदलण्याचे एवढे अप्रूप का?

शिकागोकर

रानजाई, शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मिळाल्याशिवाय या खेळाडूचे मोठेपण लक्षात येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेसबॉलमधली प्रत्येक जागा हे वेगळे काम आहे आणि त्याची हत्यारेही वेगळी आहेत. सेकंड बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्यावर) खेळणाऱ्याचा हातमोजा आखूड असतो आणि त्याची खोबण उथळ असते, कारण झेललेला चेंडू क्षणात मोज्यातून काढून पहिल्या बेसकडे फेकायचा असतो. आउटफिल्डमधल्या, म्हणजे बेसच्या पलीकडे दूर उभ्या असलेल्या, खेळाडूचा मोजा लांब आणि खोल असतो, कारण त्याला धावत जाऊन, हात पूर्ण लांबवून उंच चेंडू अडकवायचा असतो. फर्स्ट बेसचा मोजा तर या दोन्हींहून निराळा असतो.

आता काम पाहा. डबल प्लेच्या वेळी, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना, सेकंड बेसमनला शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूकडून) चेंडू घ्यायचा असतो, पाय बेसला लावायचा असतो, अंग वळवून पहिल्या बेसकडे फेक करायची असते आणि हे चालू असताना पहिल्या बेसवरून निघालेला धावपटू त्याच्या पायांच्या रोखाने घसरत येत असतो. त्याच खेळाडूला दुसऱ्या दिवशी राइट फील्डमध्ये उभे केले तर बॅटवर चेंडू लागल्याच्या आवाजावरून आणि पहिल्या झलकेवरून मागे पळायचे की पुढे, हे ठरवावे लागते. तिथे पहिले पाऊल चुकले की चेंडू डोक्यावरून गेलाच. त्यातून उजव्या हाताच्या फलंदाजाने त्या बाजूला मारलेला चेंडू हवेत सीमारेषेकडे वळत जातो, तर डावऱ्याचा ओढून मारलेला चेंडू वेगळ्या तऱ्हेने येतो. ही नजर वर्षानुवर्षे एकाच जागी उभे राहून तयार होते. म्हणूनच मेजर लीगमधले बहुतेक जण एका, फार तर दोन जागांवर आयुष्य काढतात.

बदली खेळाडू म्हणून चार जागा जेमतेम सांभाळणारे पूर्वीही पुष्कळ होते. झोब्रिस्ट निराळा होता तो यासाठी की तो रोज खेळत असे, फलंदाजीच्या क्रमात वरच्या भागात येत असे आणि फक्त त्याची उभे राहण्याची जागा बदलत असे.

खाडीकाठ

मी टँपाच्या परिसरात राहतो आणि या माणसाला अगदी सुरुवातीपासून पाहिले आहे. तो अष्टपैलू कसा झाला, हे सांगणे इथे आवश्यक वाटते, कारण ते कुणी आधी बसून आखलेले नव्हते.

तो आला तेव्हा शॉर्टस्टॉप होता. २००६ आणि २००७ या दोन्ही मोसमांत त्याची फलंदाजी अगदीच बेताची झाली. २००७ च्या अखेरीस संघाने मिनेसोटाकडून जेसन बार्टलेट हा तयार शॉर्टस्टॉप आणला आणि झोब्रिस्टची जागा गेली. दुसरा एखादा खेळाडू तिथेच संपला असता. त्याने त्या हिवाळ्यात आपल्या बॅट फिरवण्याच्या पद्धतीवर नव्याने काम केले आणि २००८ मध्ये जेमतेम ६२ सामने मिळूनही १२ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले. ज्याच्याकडून कुणाला ताकदीच्या फटक्यांची अपेक्षा नव्हती त्याच्याकडून हे घडले.

आता बॅट चालते आहे, पण जागा रिकामी नाही, अशी अडचण झाली. व्यवस्थापक जो मॅडनने ती अशी सोडवली की ज्या दिवशी ज्याला विश्रांती हवी असेल, त्याच्या जागी झोब्रिस्ट. २००९ च्या मेमध्ये सेकंड बेसमन अकिनोरी इवामुराचा गुडघा जायबंदी झाला आणि झोब्रिस्ट तिथे गेला, तरीही राइट फील्डमधले त्याचे सामने सुरूच राहिले. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी (फटका मारून बेस गाठण्याचे प्रमाण) .२९७ होती, २७ होम रन होते, ९१ वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) होते आणि दर दहा वेळांतून चार वेळा तो बेसवर पोहोचत होता. मॅडनने त्याला ‘झोरिला’ म्हणायला सुरुवात केली ती त्याच सुमारास, आणि इथे प्रेक्षक अजूनही त्याला त्याच नावाने ओळखतात.

आमच्या संघाकडे पैसा नव्हता, हेही ध्यानात घ्या. त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजचा पगारखर्च आमच्या तिप्पट होता. ज्यांच्याकडे पैसा आहे ते प्रत्येक जागेसाठी एकेक नामवंत खेळाडू विकत घेतात. आमच्याकडे असा एकच होता आणि तो कुठेही उभा राहू शकत होता.

पारावरचा_पाहुणा

सर्वांबद्दल आदर ठेवून वेगळे मत मांडतो. झोब्रिस्टचे मोठेपण त्याच्या बॅटमध्ये आणि चेंडू पारखण्याच्या नजरेत आहे, जागा बदलण्यात नाही. तो दोन्ही हातांनी फलंदाजी करत असे, वाईट चेंडूला बॅट लावत नसे, फुकटचा बाद होत नसे. हा खेळाडू कारकीर्दभर एकाच सेकंड बेसवर उभा राहिला असता तरी तेवढाच मोठा झाला असता, कदाचित अधिकच झाला असता, कारण मग लोकांना त्याची कुणाशी तरी थेट तुलना करता आली असती. अष्टपैलू ही उपाधी त्याला उपकारक ठरली नाही, उलट तिने त्याला सतत तात्पुरत्या माणसाच्या रांगेत बसवले.

शिकागोकर

पाहुणे, तुमच्या मुद्द्याचा दुसरा भाग मला पटतो, पहिला मात्र नाही. त्या काळी संघात २५ खेळाडू असत. त्यातले १२ ते १३ पिचर. मैदानावरचे आठ आणि अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकात) फक्त फलंदाजीसाठी नेमलेला एक खेळाडू वजा केला तर बाकावर जेमतेम तीन-चार जण उरतात आणि त्यातला एक राखीव कॅचर असतोच. अशा वेळी एक माणूस पाच जागांची उणीव भरून काढत असेल, तर व्यवस्थापकाला बाकावरची एक पूर्ण जागा मोकळी मिळते. तिथे तो वेगवान धावपटू ठेवतो, एखादा डावरा फलंदाज ठेवतो किंवा आणखी एक पिचर ठेवतो. हा लाभ झोब्रिस्टच्या नावापुढे कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, तरी तो त्याच्यामुळेच झालेला असतो.

गोदातीर

या चर्चेत मार्टिन दिहिगोचे नाव अजून आले नाही, याचे आश्चर्य वाटले. क्यूबाचा हा खेळाडू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेळला आणि कृष्णवर्णीय असल्यामुळे मेजर लीगची दारे त्याला कायम बंद राहिली. निग्रो लीग (कृष्णवर्णीयांची वेगळी स्पर्धा), क्यूबा, मेक्सिको, व्हेनेझुएला असे जिथे खेळायला मिळाले तिथे तो खेळला, आणि अक्षरशः प्रत्येक जागेवर खेळला. १९३८ मध्ये मेक्सिकन लीगमध्ये पिचर म्हणून त्याने १८ सामने जिंकले, फक्त २ गमावले आणि त्याच मोसमात .३८७ च्या सरासरीने तो फलंदाजीतही पहिला आला. १९७७ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या सन्मानदालनाने, त्याला स्थान दिले, पण तेव्हा तो हयात नव्हता.

झोब्रिस्टला कमी लेखण्याचा हेतू नाही. अष्टपैलूपणाचे माप काढायचे असेल, तर ते दिहिगोपासून काढावे, एवढेच म्हणणे आहे.

रानजाई

दिहिगोबद्दल मला काहीच माहीत नव्हते. मनःपूर्वक आभार. एकाच सामन्यात कुणी नऊच्या नऊ जागांवर खेळले आहे का?

गोदातीर

हो, मेजर लीगमध्ये पाच जण. पहिला बर्ट कॅम्पानेरिस, ८ सप्टेंबर १९६५, कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सकडून. मग १९६८ मध्ये सेझार तोवार, २००० मध्ये स्कॉट शेल्डन आणि शेन हॉल्टर असे एकाच वर्षात दोघे, आणि २०१७ मध्ये अँड्र्यू रोमाइन.

मात्र हे सामने मुख्यतः प्रेक्षक गोळा करण्यासाठी किंवा मोसमाच्या अखेरीस हौस म्हणून झालेले आहेत. कॅम्पानेरिसचेच पाहा. आठव्या इनिंगमध्ये त्याने पिचिंग केले, नवव्यात तो कॅचर झाला आणि होम प्लेटवर धावत आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची अशी टक्कर झाली की त्याला मैदान सोडावे लागले. संघाचा प्रमुख शॉर्टस्टॉप एका खेळापायी जायबंदी झाला. झोब्रिस्टचे जागा बदलणे या प्रकारात मोडत नाही, हे मी आवर्जून सांगतो. तो जिथे जाई तिथे संघाला त्या दिवशी त्याची गरज असे.

चैत्रपालवी

राहुल द्रविडने २००३ च्या विश्वचषकात यष्टिरक्षण केले आणि त्यामुळे भारताला सातवा फलंदाज खेळवता आला, ते उदाहरण इथे अगदी चपखल बसते, असे मला वाटते.

पारावरचा_पाहुणा

चैत्रपालवी, उदाहरण चांगले आहे, मात्र अर्धेच लागू होते. द्रविड ‘द्रविड’ म्हणून आधीच मान्यता पावलेला होता आणि मग संघासाठी त्याने ग्लोव्हज घातले. त्याची कसोटीतली तिसऱ्या क्रमांकाची जागा कुणी हिरावून घेतली नव्हती. झोब्रिस्टला मान्यता मिळण्याआधीच जागा सोडावी लागली होती. तो मोठा झाला तो दुसऱ्यांच्या जागांवर उभा राहून.

सावलीतले_ऊन

मी कॅन्सस सिटीच्या जवळ नोकरीला आहे, त्यामुळे २०१५ विषयी चार ओळी लिहायलाच हव्यात. आमच्या रॉयल्सचा लेफ्ट फील्डर अ‍ॅलेक्स गॉर्डन जुलैमध्ये जायबंदी झाला आणि संघ तर जिंकण्याच्या ऐन भरात होता. २८ जुलैला ओकलंडकडून झोब्रिस्टला आणले आणि त्या बदल्यात शॉन मनाया आणि अ‍ॅरन ब्रूक्स हे दोन तरुण पिचर दिले. तेव्हा इथे अनेकांनी कुरकुर केली होती, कारण झोब्रिस्टचा करार त्या मोसमापुरताच उरला होता आणि मनाया फार गुणी होता. मनायाने पुढे २०१८ मध्ये बॉस्टनविरुद्ध नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका मारू न दिलेला सामना) टाकला, म्हणजे दिलेली किंमत कमी नव्हती.

झोब्रिस्ट आला आणि लेफ्ट फील्डमध्ये उभा राहिला. सप्टेंबरमध्ये गॉर्डन बरा होऊन परतला. एरवी इथे पेच पडला असता की आता या पाहुण्या खेळाडूचे करायचे काय. पण तोवर सेकंड बेसवर ओमर इन्फान्तेची बॅट पार थंडावली होती, म्हणून झोब्रिस्ट निमूटपणे तिकडे गेला आणि वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत तिथेच खेळला. न्यूयॉर्क मेट्सला आम्ही ४-१ ने हरवले. एकच खेळाडू आणून संघाच्या दोन निरनिराळ्या दुखण्यांवर इलाज झाला, तोही तीन महिन्यांच्या आत.

मुळामुठा

२०१६ चा सातवा सामना मी पुण्यात बसून पाहिला. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, घरात फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते आणि पहाटे साडेपाचला क्लीव्हलंडमध्ये खेळ सुरू झाला. माझे धाकटे दीर शिकागोला असतात, त्यामुळे आमच्या घरात कब्जचे वेड शिरले होते. १९०८ नंतर त्या संघाने विजेतेपद पाहिलेले नाही, हे त्यांनी आम्हा सर्वांना इतक्यांदा सांगितले होते की सासूबाईंनाही ते वर्ष पाठ झाले होते.

आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडच्या रजाई डेव्हिसने होम रन मारून ६-६ अशी बरोबरी केली तेव्हा दिरांचा फोनवरचा आवाजच बसला. नऊ इनिंग संपल्यावर पाऊस आला आणि सतरा मिनिटे खेळ थांबला. मग दहाव्या इनिंगमध्ये काय घडले ते नीट सांगते, कारण बहुतेकांना फक्त शेवटचा फटका आठवतो. कब्जच्या काइल श्वार्बरने सुरुवातीलाच फटका मारून पहिला बेस गाठला. त्याच्या जागी धावायला आलेला अल्बर्ट अल्मोरा, ब्रायंटचा उंच चेंडू सेंटर फील्डमध्ये झेलला जाताच, दुसऱ्या बेसवर पोहोचला. क्लीव्हलंडने मग अँथनी रिझोला मुद्दाम वॉक दिला. म्हणजे त्यांच्या हिशेबाने रिझोपेक्षा झोब्रिस्ट परवडणारा होता.

झोब्रिस्ट डाव्या बाजूने उभा होता. क्लीव्हलंडचा पिचर ब्रायन शॉ याचा कटर (शेवटी किंचित वळणारा वेगवान चेंडू) बाहेरच्या कडेला आला आणि त्याने तो ओढला नाही, ताकद लावली नाही, चेंडू जिकडे जायला निघाला होता तिकडेच, तिसऱ्या बेसच्या रेषेलगत, होझे रामिरेझच्या आवाक्याबाहेरून काढून दिला. अल्मोरा धावत घरी आला, ७-६. झोब्रिस्ट दुसऱ्या बेसवर दोन्ही हात उंचावून उड्या मारत होता. पुढे मोंटेरोच्या फटक्यावर आठवी धाव आली आणि ती फार मोलाची ठरली, कारण क्लीव्हलंडने उत्तरात एक धाव काढलीच. आमच्याकडे घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. सकाळची सगळी कामे तशीच पडली होती आणि कुणालाही त्याचे काही वाटत नव्हते.

शिकागोकर

मुळामुठा, तुमचे वर्णन वाचून ती रात्र पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याला एक जोड देतो, जी माझ्या मते या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी जवळची आहे.

कब्जने झोब्रिस्टला २०१५ च्या डिसेंबरमध्ये घेतले ते प्रामुख्याने सेकंड बेससाठी. त्याच वेळी तिथला स्टार्लिन कास्त्रो यांकीजला दिला. एप्रिलमध्ये काइल श्वार्बरचा गुडघा गेला (तो परतला थेट वर्ल्ड सिरीजमध्येच) आणि लेफ्ट फील्ड उघडे पडले. मोसमभर झोब्रिस्ट सेकंड बेसवरच अधिक खेळला, पण हाविएर बाएझ हा तरुण खेळाडू तिथे इतकी अफाट फील्डिंग करू लागला की त्याला बाहेर बसवणे शक्य नव्हते. वर्ल्ड सिरीजमध्ये झोब्रिस्ट लेफ्ट फील्डमध्ये उभा होता आणि सेकंड बेसवर बाएझ होता. ३५ वर्षांच्या, ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार केलेल्या खेळाडूने आपली जागा २३ वर्षांच्या मुलासाठी सोडली आणि दुसरीकडे जाऊन .३५७ च्या सरासरीने मालिका गाजवली. अशी अदलाबदल करताना किती संघांत नाराजी होते, हे इथले वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तीन संघांत मी हीच गोष्ट घडताना पाहतो : टँपात इवामुरा, कॅन्सस सिटीत गॉर्डन, शिकागोत श्वार्बर. कुणीतरी जायबंदी होतो आणि संघाचा डोलारा कोसळत नाही.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून थोडे आकड्यांकडे वळू या. वॉर हा निर्देशांक, म्हणजे कुठूनही सहज मिळणाऱ्या साध्या बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले याचा अंदाज, २००९ साली झोब्रिस्टचा आठच्या वर होता. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू जो मॉअर ठरला. बेसबॉल रेफरन्सच्या गणिताप्रमाणे झोब्रिस्ट त्याच्याही पुढे होता, तरीही मतदानात तो आठव्या क्रमांकावर राहिला.

हे गणित कसे होते ते थोडक्यात सांगतो. कॅचर, शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड या अवघड जागांवर खेळणाऱ्याला अधिक गुण मिळतात, तर फर्स्ट बेस आणि लेफ्ट फील्डवाल्याचे गुण कापले जातात, कारण तिथे चांगले फलंदाज मुबलक मिळतात. झोब्रिस्ट एखाद्या कॉर्नर आउटफिल्डरसारखी फलंदाजी करत होता आणि निम्म्याहून अधिक दिवस सेकंड बेस सांभाळत होता. दोन्हीकडून त्याचे पारडे जड झाले.

पारावरचा_पाहुणा

आकडेमोड, एका मोसमातल्या फील्डिंगच्या आकड्यांवर माझा तितकासा विश्वास नाही. एका जागी नऊ सामने, दुसऱ्या जागी सात, अशा तुटपुंज्या नमुन्यावरून कुणी किती धावा वाचवल्या हे कसे सांगणार? त्या आठाच्या आकड्यात फील्डिंगचा वाटा मोठा आहे, म्हणून तो मी जपून वापरतो.

आकडेमोड

आक्षेप योग्य आहे आणि एका मोसमापुरता मी तो मान्यही करतो. मात्र कारकिर्दीचा आकडा ४४ च्या आसपास जातो आणि तो दीड हजारांहून अधिक सामन्यांवर बेतलेला आहे. तिथे नमुना तुटपुंजा राहत नाही. शिवाय त्याचे वॉक, त्याचे डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) आणि तीन वेळा ऑल-स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, झालेली निवड यांत फील्डिंगचा अंदाज कुठेच येत नाही.

माणिकमोती

इतक्या चांगल्या प्रतिसादांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे किमतीकडे येतो.

एप्रिल २०१० मध्ये, तो अफाट मोसम नुकताच संपलेला असताना, झोब्रिस्टने टँपाबरोबर चार वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि पुढच्या दोन वर्षांचे, ७० आणि ७५ लाखांचे, पर्याय संघाच्या हाती दिले. म्हणजे वयाच्या २९ ते ३४ या ऐन उमेदीच्या सहा वर्षांत त्याने जवळपास सव्वातीन कोटी डॉलरच्या हिशेबाने खेळ केला. त्याच दर्जाचे, पण एकाच जागेवर खेळणारे तारे तेव्हा दोन वर्षांत तेवढे मिळवत होते. खुल्या बाजारात तो पहिल्यांदा गेला तो पस्तिशीच्या उंबरठ्यावर.

करार लवकर केला हे त्याचे स्वतःचे ठरवणे होते आणि उशिरा यश मिळालेल्या खेळाडूने सुरक्षितता निवडली तर त्यात गैर काही नाही. तरीही मला वाटते की ज्याच्या नावापुढे ठरलेली जागा नाही, त्याच्यासाठी वाटाघाटीत बोट ठेवायला तुलना सापडत नाही, आणि तिथे अष्टपैलू खेळाडू नुकसानीत जातो.

खाडीकाठ

माणिकमोती, पैशांइतकेच गोल्ड ग्लोव्ह या सर्वोत्तम फील्डिंगच्या पुरस्काराबद्दलही बोलले पाहिजे. झोब्रिस्टला तो पुरस्कार एकदाही मिळाला नाही. पुरस्कार जागेवार दिला जाई आणि त्याची फील्डिंग दोन-तीन जागांत वाटली गेलेली असे. २०२२ पासून मात्र अनेक जागांवर खेळणाऱ्यांसाठी वेगळा गोल्ड ग्लोव्ह सुरू झाला. पहिल्या वर्षी डीजे लमेहियू आणि ब्रेंडन डोनोव्हन, दुसऱ्या वर्षी मॉरिसिओ दुबोन आणि दक्षिण कोरियाचा किम हासाँग यांना तो मिळाला. झोब्रिस्ट निवृत्त झाला २०२० मध्ये. दोन वर्षांनी हुकले, असेही म्हणता येणार नाही, कारण त्याचे खरे दिवस त्याच्या दहा वर्षे आधीचे होते. त्याने पाडलेल्या पायंड्यामुळेच हा पुरस्कार आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण २००९ नंतर प्रत्येक संघ आपापला झोब्रिस्ट शोधू लागला, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

गोदातीर

हॉल ऑफ फेमचेही सांगून टाकू. २०२५ च्या मतपत्रिकेवर त्याचे नाव पहिल्यांदा आले. निवडून यायला ७५ टक्के मते लागतात आणि पुढच्या वर्षी यादीत टिकायला किमान ५ टक्के. इचिरो सुझुकी एका मताने एकमताला मुकला त्याच मतदानात झोब्रिस्टला ५ टक्केही मिळाले नाहीत आणि तो यादीतून बाहेर गेला. तो निवडून यायला हवा होता, असे माझे म्हणणे नाही. उशिरा सुरुवात झाल्यामुळे त्याची कारकीर्द तेवढी लांब झालीच नाही आणि एकूण १६७ होम रन हा आकडा मतदारांना भुरळ घालणारा नाही. पण पहिल्याच फेरीत बाद व्हावे, इतका तो किरकोळ नक्कीच नव्हता. निदान काही वर्षे त्याच्यावर चर्चा व्हायला हवी होती.

पारावरचा_पाहुणा

गोदातीर, या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्याबरोबर आहे.

चैत्रपालवी

एक छोटी भर. २०१९ मध्ये कौटुंबिक कारणांमुळे तो बरेच महिने संघापासून दूर होता. सप्टेंबरमध्ये परतल्यावर मोसमाच्या अगदी अखेरीस सेंट लुइसविरुद्ध त्याने एक इनिंग पिचिंगही केले. म्हणजे कारकीर्द संपताना कॅचर ही एकच जागा उरली.

रानजाई

या चर्चेतून मला खूप काही मिळाले. आता प्रत्यक्ष काही पाहायचे असेल, तर नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी?

शिकागोकर

रानजाई, २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पूर्ण पाहा, फक्त ठळक क्षणांची चित्रफीत नको. पाहताना प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला लेफ्ट फील्डमध्ये कोण आहे आणि सेकंड बेसवर कोण आहे, तेवढे टिपून ठेवा. त्यानंतर २०१५ चे रॉयल्सचे ऑगस्टमधले आणि ऑक्टोबरमधले असे दोन सामने शेजारी ठेवून बघा. पहिल्यात तो कुंपणाजवळ दिसेल, दुसऱ्यात डबल प्ले करताना. काही अडले तर इथेच विचारा, धाग्यावर माहीतगार मंडळी आहेतच.